पदर, पुली आणि एकच मोकळा हात

मोटरचा आवाज बदलला तेव्हा मी गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला होतो. सरळ चालणारी मोटर एकदम कण्हायला लागली. पट्ट्यात काही अडकलं की ती अशी कण्हते.

मी दूध काढायच्या मशीनचा सर्व्हिस टेक्निशियन. बारामती आणि इंदापूर तालुक्यातले गोठे माझ्याकडे. त्या सकाळी पिंपळीजवळच्या एका वस्तीवर व्हॅक्युम पंपाचं तेल बदलत होतो. याच पंपाच्या ओढीवर दूध निघतं. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये घरची सून सुनीता वैरण बारीक करायची कडबाकुट्टी चालवत होती.

मी धावलो. तिचा पदर पुलीत गुंडाळला गेला होता. पुलीपासून गळ्यापर्यंत कापड दोरासारखं पिळलेलं. ती गुडघ्यांवर आलेली. मी स्टार्टरचं लाल बटण दाबलं. मोटर थांबली, पण पीळ सुटेना. तिचा चेहरा काळानिळा पडत होता.

डाव्या हाताने मी कापड पुलीपासून खेचून धरलं, तेवढाच गळ्याभोवतीचा पीळ सैल. उजव्या हाताने कमरेचं मल्टिटूल काढलं. मल्टिटूल म्हणजे घडीची पक्कड, आणि तिच्या मुठीत पातं, कानस, करवत, स्क्रू ड्रायव्हर. गोठ्यावरची निम्मी कामं मी त्यावरच करायचो. पण माझ्या टूलचं पातं मुठीच्या आत. आधी पक्कड उघडायची, मग नखाने पातं ओढायचं. दोन हात लागतात. माझा एकच मोकळा होता, तोही तेलाने माखलेला.

पक्कड कशीबशी उघडली, पातं दातांनी ओढलं. कानस निघाली. पुन्हा ओढलं, स्क्रू ड्रायव्हर निघाला. कापड सोडलं तर दोन्ही हात मिळणार होते, पण तिचा श्वास जाणार होता.

"तात्या!" मी ओरडलो.

तात्या म्हणजे तिचे सासरे. ते वैरणीकडून पळतच आले, चाकू उघडूनच.

"सायेब, पदर सोडू नका."

त्यांनी दोन बोटं कापडाखाली सारली, धार बाहेरच्या बाजूला धरली आणि पदर कापला. सुनीता जमिनीवर पडली आणि खोकली. त्या खोकल्याइतका चांगला आवाज मी कधी ऐकला नाही.

आम्ही तिला जीपमधून बारामतीला हॉस्पिटलमध्ये नेलं. वाटेत तात्या सारखं म्हणत होते, "बोल की गं पोरी." तिला बोलता येत नव्हतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जीव वाचलाय, गळ्याला सूज आहे, आवाजाला वेळ लागेल.

बाहेर बाकावर मी म्हणालो, "तात्या, माझ्यामुळं वेळ गेला."

"व्हय, गेला," ते म्हणाले. "पर तुमी पदर सोडला न्हाय."

मग त्यांनी चाकू दाखवला. लाकडी मूठ, एकच पातं. "मेंढरं होती तवापासनं खिशात हाय. उघडला की पातंच निघतं. दुसरं कायच न्हाय त्यात."

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरसाहेबांना सगळं सांगितलं.

"म्हणजे कंपनीने दिलेलं टूल वाईट?"

"नाही सर. दुरुस्तीला उत्तम आहे. मी ते चाकू म्हणून धरून चाललो होतो."

"आपली माणसं चाकू घेऊन फिरणार? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"पंधरा मिनिटं गोठ्यात उभे राहा, सर. तिथे प्रत्येकाच्या हातात विळा असतो."

शेवटी त्यांनी सगळ्यांसाठी अंगठ्याने उघडणारे साधे चाकू मागवले. मल्टिटूल बॅगेत गेलं.

महिन्याभराने त्याच वस्तीवर गेलो. पट्ट्यावर लोखंडी जाळी बसली होती. सुनीता पदर कमरेला घट्ट खोचून कुट्टी करत होती. आवाज अजून घोगरा.

"दादा," ती म्हणाली, "कुणीतरी धरून ठिवलंय, एवढं कळत हुतं मला."

पंप तपासून निघालो.

आता नवीन टेक्निशियन विचारतात, खिशात चाकू ठेवू की मल्टिटूल? मी सांगतो, हाताला तेल लावा, दुसरा हात पाठीमागे घ्या, आणि उघडून बघा. जे उघडेल ते खिशात. बाकीचं बॅगेत.