भिंतीवरचा कोनाडा

आमच्या नेपानगरच्या कॉलनीत पक्की खबर होती की समोरचे उखर्डूआबा मुंबईला सिनेमात व्हिलन होते, आणि मारामारीत हिरोचा खराखुरा दात पाडला म्हणून त्यांना हाकललं. मीच ती त्यांच्या खर्जातल्या आवाजात पोरांना ऐकवायचो.

सब झूठ. आबा पडद्यावर एकदाही दिसले नाहीत. त्यांनी मांडलेल्या खुर्च्या दिसल्या. ते स्टुडिओत सेट सजवायचे : पडदे, झुंबरं, टेबलावरचा अर्धा प्यायलेला चहा. साध्या लाकडाचा संगमरवर करायचे. काळ्या-पांढऱ्या सिनेमात पांढरंशुभ्र कापड डोळ्यांवर मारतं, म्हणून राणीची चादर चहाच्या पाण्यात बुडवायचे! "कॅमेऱ्याला नवं दाखवू नको भाऊ," ते सांगतात, "वापरलेलं दाखव. मग तो मानतो." स्टुडिओ बंद पडला तेव्हा गावी, दापोऱ्याला येऊन त्यांनी केळी लावल्या.

यंदा त्यांच्या मुलानं, पेपर मिलमधल्या प्रवीणकाकांनी, आबांना आणि कौशल्याआजींना इथे आणलं. आजींची स्मरणशक्ती विरत चाललेली. त्यांना वाटायचं, आपण कुणाकडे पाहुण्या आलोय. मग परक्या घरी शहाणी बाई खाते तसंच खायच्या : अर्धी भाकर, वर "पुरे हं, पोट भरलं." पार वाळल्या. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल.

आबांनी सुनेकडून स्वयंपाकघराची एक भिंत मागून घेतली. रंग आणि ब्रश घेऊन बसले. हळूहळू दापोऱ्याच्या घरातला कोनाडा उमटला. आत गार सावली, वर दिव्याची काजळी, कडेला तेलकट बोटांचे डाग. माझ्यासमोर रंगवला, तरी मी त्यात मोबाइल ठेवायला गेलो. खाडकन खाली! भिंत सपाट होती, यार.

"भारी आहे आबा, पण आजी नाही फसणार."

"फसवतंय कोण? तिला तिचं घर देतोय. लाव पैज. तिनं आपल्या हातानं दुसरी भाकर घेतली, तर पोळ्यापर्यंत माझी नक्कल बंद."

"आणि नाही घेतली तर?"

"तर मीच शिकवीन. फार कच्ची करतोस."

संध्याकाळी आजी जेवायला आल्या. भिंतीकडे बघतच राहिल्या. मग पदर खोचून कोनाड्याखाली बसल्या. एक भाकर संपली. टोपलीत हात घालून त्यांनी दुसरी आपल्या ताटात घेतली, आणखी एक आबांच्या ताटात टाकली आणि माझ्यावर खेकसल्या, "कोणाचा रे तू? पाहुण्यासारखा उभा काय? बस, जेव!"

आबांनी माझ्याकडे बघून नुसती एक भुवई उडवली. अशी भुवई मला हुबेहूब उडवता येते. पण पैज म्हणजे पैज. मी खाली मान घालून जेवलो.