बुधाकाकांनी टोचलेली हुमणी

बुधाकाका गेले. शेवटचे पाच महिने मी त्यांच्याशी बोलत नव्हते.

आज वैशाखऱ्याला, त्यांच्या गावी, त्यांचा दहावा झाला. आत्ताच आटगावला घरी आलेय. खूप थकलेय. पण आज लिहिलं नाही तर पुन्हा कधी लिहिणार नाही, मी स्वतःला ओळखते.

ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी. काका म्हणजे मुरबाडच्या आमच्या कॉलेजातले झूलॉजी लॅबचे अटेंडंट. झुरळ कापायचं प्रॅक्टिकल असलं की आम्ही त्याच्या चिंध्या करायचो. काका मागून यायचे, चिमटा घ्यायचे आणि सगळं अख्खं, स्वच्छ मांडून द्यायचे.

"हात हलका ठेव गो. दुखंल त्याला."

झुरळ मेलेलं असायचं.

अख्ख्या कॉलेजात तसा हात कुणाचा नव्हता. प्राध्यापकसुद्धा मान्य करायचे, आणि काकांना ते ऐकायला आवडायचं.

पुढे मी पीएचडीला मुंबईला गेले. विषय: किड्यांच्या अंगातले पेप्टाइड. म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे. किड्याला जखम झाली की तो स्वतःच्या बचावासाठी ते तयार करतो. तेच आपल्या शरीरातल्या सूज आणणाऱ्या पेशींवर टाकले तर त्या शांत होतात का, एवढंच मला बघायचं होतं.

किडा कोणता, तर हुमणी. उकिरड्यात सापडते ना, ती पांढरी जाडजूड अळी. अख्खा तालुका तिला दिसली की मारतो आणि मला ती जिवंत हवी होती.

काका तेव्हा रिटायर झालेले. म्हणाले, "माझ्या उकिरड्यात लय हाय. कवा पन ये."

अळ्या मुंबईला आणून टोचल्या तर निम्म्या मरायच्या. म्हणून ठरलं की शुक्रवारी काकांनी प्रत्येक अळीला बारीक सुईने टोचायचं आणि शनिवारी मी डबा न्यायचा.

दर शनिवारी मी अंगणात पाय ठेवला की एकच प्रश्न.

"पेपटाईट झालं का गो?"

काकांना संधिवात होता. बोटांची पेरं सुजलेली, मूठ पूर्ण मिटायची नाही.

"पयलं इंजेक्शन मला दे. मरंन तर मरंन."

"काका, अजून बशीतल्या पेशींवर चाललंय. माणसाला द्यायला वर्षं लागतात."

"बशीतल्या पेशींना काय काम पडलंय? मला भात कापायचाय."

आठ महिने झाले तरी रिझल्ट शून्य. सुजेचं रीडिंग खाली यायलाच तयार नाही. मी केमिकल बदललं, पेशी बदलल्या, रडून झालं. शेवटी गाइड म्हणाले, विषय बदल.

मी वैशाखऱ्याला जाऊन काकांना तेच सांगितलं. "हुमणीत काहीच नाही, काका. बंद करतेय."

काका उकिरड्याकडे बघत म्हणाले,

"हुमणीत असंल. मी टोचलंच नाय."

"म्हणजे?"

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "सुई धरवत नाय गो. पडते."

"पहिल्यापासून?"

"पयल्यापासून. वाटायचं, फुडल्या शुक्रवारी जमंल."

ज्या माणसाच्या हाताचं कॉलेजभर कौतुक, त्याने मला हे कसं सांगावं? हे आज कळतंय. त्या दिवशी मला फक्त माझे आठ महिने दिसत होते. मी ओरडले. खूप ओरडले. आणि शेवटी म्हणाले,

"झेपत नव्हतं तर हात कशाला घातलात?"

त्या हातांकडे बघत मी म्हणाले.

काकी दारात उभ्या होत्या. काका एवढंच बोलले, "जेवून जा. भाकऱ्या झाल्यात."

मी जेवले नाही.

महिन्याभराने कॉलेजातल्या एका सरांबरोबर डबा आला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. प्रत्येक अळीच्या पाठीवर बारीक काळा ठिपका. हुमणीला टोचलं की तिथे असाच डाग पडतो. आधीच्या डब्यांत तो नव्हता, हे मी आठ महिने नीट बघितलंच नव्हतं. मला वाटलं, कुणाकडून तरी करून घेतलं असेल.

त्या अळ्यांच्या अर्काने रीडिंग खाली आलं. पुढच्या डब्याने पुन्हा आलं. लॅबमध्ये पेढे वाटले.

काकांना फोन केला नाही. आधी राग होता. मग लाज वाटायला लागली. मग थीसिस, मग ताप, मग उद्या नक्की. डबे मात्र येत राहिले.

आणि मग काकींचाच फोन आला. अटॅक. दवाखान्यात पोचायच्या आत संपलं.

आज सगळे उठल्यावर मी काकींना विचारलं, "अळ्या कोण टोचायचं हो?"

"कोन म्हंजे? तेच."

त्यांनी कोनाड्यातून बांबूचा एक तुकडा काढून दिला. मनगटाएवढा जाड. टोकाला सुतळीने करकचून बांधलेली सुई. न मिटणाऱ्या मुठीतसुद्धा राहील असा.

"किती सुया मोडल्या ते इचारू नको. दोन-चार अळ्या टोचायच्या, मंग हात ऊनऊन पान्यात घालून बसायचं. शुक्रवारचा अख्खा दिस जायचा. मी म्हनलं, द्या मी टोचते. तर नाय. म्हनले, तिनं काम मला सांगितलंय."

मग म्हणाल्या, "शनिवारी मोबाइल खिशात घेऊनच फिरायचे. तुझा फोन येईल म्हनून."

बांबू हातात धरून मी तिथेच खाली बसले. काकींनी पाठीवरून हात फिरवला. खरं तर तो मी फिरवायला हवा होता.

काका, रिझल्ट आला. चार वेळा आला. ते औषध नाही, तुमच्या बोटांना त्याने काही झालं नसतं, पण तुम्ही टोचलेल्या अळ्यांचाच आला. हे सांगायला दोन मिनिटं लागली असती.

चुकलं माझं, काका.

पाया पडते.