कणकेखालचा ट्रक

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, वसमत तालुक्यातल्या कुरुंदा गावी आजमितीस एकोणीस रणगाडे, अकरा लढाऊ विमाने आणि एक पाणबुडी तैनात आहे. जनतेने घाबरून जाऊ नये. हे सगळं सैन्य माझ्या साडूंच्या हार्डवेअरच्या दुकानामागे एका कपाटात मावतं, आणि त्यातला सर्वांत मोठा रणगाडा माझ्या चपलेएवढा आहे. लहान लेकरं खेळणी खेळतात आणि मोठी माणसं लढाया. दोन्ही एकदम करणारा, तोही पन्नाशी उलटल्यावर, असा माणूस मी एकच पाहिला.

बरं, साडूंना या गाड्या जोडण्यात विशेष रस नाही. रस रंगवण्यात. आणि रंगवण्यातही रंग मारण्यात नाही, झाकण्यात. झाडीत दिसू नये म्हणून लष्करी गाडीवर हिरवे-मातकट पट्टे असतात ना, त्यांच्यावर यांचा जीव. आधी सगळी गाडी मातकट करायची, मातकट राहायला हवं तेवढंच झाकायचं, वरून हिरवा फवारा मारायचा आणि झाकण काढायचं. "रंग कोणीबी मारतो," ते म्हणतात, "रंग कुठं लागू द्यायचा न्हाई हे ज्याला कळलं, तो कारागीर." सरळ रेघेसाठी ते चिकटपट्टी वापरतात, पण नवी पट्टी खालचा रंग उपटून आणते, म्हणून तिचा चिकटपणा आधी स्वतःच्या हातावर मारून घेतात. त्यामुळे त्यांचा डावा हात कोपरापर्यंत तुळतुळीत आहे. एकदा गिऱ्हाइकाने पाइपाला गुंडाळायला पट्टी मागितली, तर साडूंनी सवयीने ती हातावर चिकटवली, टरकन ओढली आणि मग कापून दिली. ते गिऱ्हाईक अजूनही दुसऱ्या दुकानात जातं.

वेड्यावाकड्या पट्ट्यांसाठी मात्र चिकटपट्टी चालत नाही. त्यासाठी बाहेर म्हणे खास लगदा मिळतो. साडूंनी कणीक शोधून काढली. घट्ट मळलेली, बिनतेलाची, बिनमिठाची. तिच्या वळ्या करून गाडीवर दाबायच्या. एकदा मेहुणीने घाईत पोळ्यांचीच कणीक दिली. तिच्यातलं तेल उतरलं आणि विमान रंग धरेना. तेव्हापासून त्या घरात रोज दोन गोळे मळले जातात, एक माणसांचा आणि एक सैन्याचा. मागे जेवताना माझ्या पोळीच्या कडेला हिरवट झाक दिसली. मेहुणी म्हणाली, "पालक हाय, भाऊजी." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, त्यावरूनच मी काय ते ओळखलं.

हे सगळं कौतुक बाहेरच्यांना. आमच्या सासऱ्यांना नव्हतं. सासरे नरसीला असतात. तरुणपणी त्यांनी लष्करात ट्रक चालवला. मी गेलो की ते "या, जावईबापू" म्हणून उठून उभे राहत, साडू आले की आत वर्दी देत, "खेळणीवाले आले गं." पंचवीस वर्षं हेच. साडू हसत. पण त्या हसण्यानंतर ते बराच वेळ हातावरची पट्टी ओढत बसत, हे मी पाहिलेलं आहे.

म्हणून त्यांनी गेल्या वर्षी सासऱ्यांचा ट्रक करायला घेतला. फोनवर चौकशा सुरू झाल्या. "मामा, डाव्या दरवाज्यावरचा पट्टा वर जायचा का खाली?" सासरे कडाडले, "मी आत बसून गाडी हाकत होतो! भायेर हुबं राहून नक्षी पाहत न्हवतो!" तरी खोदून खोदून साडूंनी एकेक पट्टा काढून घेतला.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही सगळे नरसीला. साडूंनी शेवटचा हिरवा फवारा तिथेच अंगणात मारला आणि कणकेत लडबडलेला ट्रक वाळायला ओट्यावर ठेवला. नेमकी तिथेच माझी मोटार, पाण्याची मोटर, विळे आणि कुऱ्हाड पूजेला मांडलेली. सासूबाईंना दिसतं बेताचं. त्या तबक घेऊन आल्या आणि ओळीने सगळ्यांना ओली हळद लावत गेल्या. ट्रकही सुटला नाही.

"अहो आई, काय केलंत!" साडू किंचाळले.

"काहून ओरडून राहिले? दसऱ्याला गाडी मांडली, कणकेचा निवद वाहिला, मंग हळद न्हाई लावायची?"

साडूंनी कणकेच्या वळ्या उचलल्या. आम्हाला श्वास घ्यायचीही परवानगी नव्हती. एकेक पट्टा काय सुरेख उमटला होता! आणि बॉनेटच्या मधोमध, ओल्या हिरव्यात रुतलेलं, हळदीचं पिवळंधमक बोट. साडूंचा चेहरा मला बघवेना. एरवी मी अशा वेळी कोटी करतो. त्यांनी गुपचूप थिनरमध्ये कापूस बुडवला.

"थांबा," सासरे म्हणाले.

ते कधी येऊन उभे राहिले होते, कळलंच नाही. त्यांनी ट्रक तळहातावर घेतला, डोळ्यांजवळ नेला. मग हळूहळू बोलले, "फौजेत जाताना माझ्या आईनं हळदीची पुडी संगं दिल्ती. दसऱ्याला असंच बोट लावलं, हितंच. साहेब म्हणला पूस, लांबून दिसतंय. म्या वरून चिखल फासला. पुसलं न्हाई." नाक ओढून ते म्हणाले, "हे तर म्या कोणालाच सांगितलं न्हवतं."

सासऱ्यांनी ट्रक छातीशी धरला आणि हाक मारली, "जावईबापू, बसा इथं माझ्यापाशी."

पंचवीस वर्षांच्या सवयीने मी "जी" म्हणून पुढे झालो.

"तुमी न्हाई हो!" सासरे ओरडले. "ते!"