उसनं पीठ

हे लिहितोय याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही. पुस्तकात छापून यावं असं काही आपण लिहावं, हे मला अजूनही न बोलावता पंगतीला जाऊन बसल्यासारखं वाटतं. शिवाय जे सांगायचं आहे त्यात मोठं असं काही नाही. एक प्रयोग केला, तो फसला. माझ्या प्रबंधात त्याबद्दल एक वाक्य आहे. ते खरं आहे, पण मला ते पुरत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी धाराशिवला अन्नशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. आमच्या मॅडमचा विषय होता फंक्शनल फूड. म्हणजे पोट भरण्यापलीकडे शरीराला ज्याचा काही खास उपयोग होतो, असं रोजच्या खाण्यातलं अन्न. ज्वारीच्या पिठात हुलगा आणि जवस मिसळून केलेली भाकरी शुगर असलेल्या माणसांनी तीन महिने खाल्ली, तर रक्तातली साखर कमी होते का, हे आम्ही बघणार होतो. वडील ढोकीच्या कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. त्यांना मी हे समजावून सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हंजी आपुन खातो त्येच की. त्येला कॉलेज कशाला लागतंय?"

पण मला या विषयाचं खरंच वेड लागलं होतं. आपल्या घरातल्या डब्यात जे आहे त्यावर कुणीतरी अभ्यास करतं, त्याला इंग्रजीत नाव आहे, हे कळल्यावर मला आमच्या घराबद्दलच वेगळं वाटायला लागलं होतं.

आणि माझी आत्या होती. ती लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन आमच्याकडे आली, ती कायमची. बेंबळीच्या आसपासच्या गावांत कुणाच्या घरी कार्य निघालं की कडक भाकरी करायला आत्याला बोलावणं यायचं. कागदासारखी पातळ भाकरी, आठवडाभर टिकणारी. गेली काही वर्षं तिच्या डोळ्यांना धुरकट दिसायला लागलं होतं. आधी तव्यावर बोटं भाजायला लागली, मग बोलावणी थांबली. डोळ्यांच्या शिबिरात डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. पण शुगर एवढी होती की ते म्हणाले, आधी ही खाली आणा, मगच ऑपरेशन करता येईल. गोळ्या चालू होत्या. शुगर कधी जरा उतरायची, परत चढायची. त्यातच वर्ष गेलं.

म्हणून मी मॅडमना आमचं गाव सुचवलं. नात्यातलं माणूस प्रयोगात घेऊ नये, असं त्या म्हणाल्या. मी भीत भीत म्हटलं, "मॅडम, आमच्या गावात नात्यात नसलेलं कुणी सापडणार नाही." त्या हसल्या. रक्त तपासायचं काम विभागातला तंत्रज्ञ करेल, मी फक्त पीठ पोचवायचं, असं ठरलं.

मारुतीच्या देवळासमोरच्या सभामंडपात बायका जमल्या. बहुतेक आमच्याच गल्लीतल्या. मी भिंतीवर चित्रं दाखवून तंतू म्हणजे काय, साखर रक्तात हळूहळू कशी उतरते, हे सांगत होतो. माझा आवाज कापत होता. शेजारच्या काकू मध्येच म्हणाल्या, "आरं, तुला शेंबूड पुसाय येत नव्हता तवापासनं बगतेय मी तुला. दमानं बोल." सगळ्या हसल्या, आणि मग मलाही नीट बोलता आलं.

चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला मिश्र पीठ, दुसऱ्याला साधं ज्वारीचं. आत्याची चिठ्ठी मिश्र पिठाची निघाली, शेजारच्या काकूंची साध्याची.

"मला का साधं?" काकू म्हणाल्या. "माझी शुगर काय सावत्र हाय व्हय?"

तुलना करायला दोन्ही लागतात, हे मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. शेवटी मी सगळ्यांना तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. दोन्ही वेळा याच पिठाची भाकरी खायची. आणि हे पीठ दुसऱ्या कुणाला खायला द्यायचं नाही. "व्हय, व्हय," सगळ्या म्हणाल्या.

मी धाराशिवला खोली करून राहत होतो. दर रविवारी पिशव्या घेऊन एसटीनं गावी यायचो. मिश्र पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, कमी, भाकरी थापताना कडा फाटायच्या. आई पहिल्या आठवड्यात वैतागली होती. "हे पीठ हाय का राख?" म्हणायची. तरी आत्यासाठी वेगळ्या डब्यातलं पीठ मळून रोज करून घालायची. पहिला महिना संपला आणि आत्याची शुगर उतरली. फार नाही, पण आधी कधी उतरली नव्हती एवढी. तंत्रज्ञानं आकडा सांगितला तेव्हा मी देवळामागं जाऊन उभा राहिलो. तिथं का गेलो, ते सांगता येत नाही.

आत्या त्या दिवसापासून ऑपरेशनबद्दल बोलायला लागली. डोळ्यावर हिरवी पट्टी किती दिवस बांधतात, पट्टी असताना डोक्यावरून पाणी घेतलेलं चालतं का, असं विचारायची. एकदा म्हणाली, "दिसाय लागलं की आदी तुज्या आईला चुलीपुढनं उठीवते. कसल्या जाड भाकरी करती बग." आई आतून म्हणाली, "करा की, म्या कुठं न्हाय म्हणले."

दुसऱ्या महिन्यात शुगर परत चढली. मला वाटलं मोजण्यात चूक झाली असेल. पंधरा दिवसांनी पुन्हा पाहिलं, तर आणखी वर. काकूंची मात्र थोडी उतरली होती, आणि त्या तर साध्या पिठाच्या गटात होत्या. मी विभागात बसून ते आकडे बघत राहिलो. काहीच जुळत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. दुपारची वेळ, आई रानात. आत्या ओसरीवर बसली होती. मी तिच्याशी बोलत होतो, तेवढ्यात काकू आल्या. हातात पिठानं शिगोशीग भरलेली वाटी.

"आत्याबाई, हे घ्या तुमचं पीठ. परवा नेलेलं."

आत्या चाचपडत आत गेली आणि तिनं वाटी तिच्या डब्यात रिकामी केली. मी पाठोपाठ जाऊन डब्यात बघितलं. आमचं पीठ जवसामुळं तपकिरी असतं. डब्यात होतं ते पांढरंशुभ्र, ज्वारीचं.

"आत्या, तू पीठ देतेस लोकांना?"

"देते की. दारात वाटी घिऊन आलेल्या बाईला न्हाय म्हणू व्हय?"

"मी सांगितलं होतं ना, कुणाला खायला द्यायचं नाही म्हणून."

"खाया कुठं दिलं?" आत्याला माझा प्रश्नच कळला नव्हता. "उसनं दिलं. परत येतंय की. यांनी वाटीभर नेलं तर शीग लावून आणून देत्यात. एक चिमूट कमी न्हाय आलं आजवर."

काकू म्हणाल्या, "आता गिरणी बंद असली, लाईट नसली, तर माणसानं काय करायचं रं? तुजी आत्या समद्या गल्लीला पुरवती." मग जरा ओशाळून म्हणाल्या, "आन् खरं सांगू का, तेवढंच त्ये शुगरचं पीठ माज्या बी पोटात जातंय म्हणून यांची शुगर उतरल्यापासनं म्या जरा जास्तीच येते."

मी गल्लीत घरोघर विचारत गेलो. सगळीकडं तेच. मिश्र पीठ साध्याच्या घरात, साधं मिश्रच्या घरात, दोन्ही प्रयोगात नसलेल्या घरांत. कुणी लपवलं नाही. उसनं देणं म्हणजे देणं नव्हतंच त्यांच्या लेखी. पीठ गेलं, पीठ आलं. आत्याला रंग दिसत नव्हता. आमच्या घरी पीठ मळणारी आई पहाटे अंधारात आणि संध्याकाळी रानातून येऊन कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली भाकरी करायची. तिला विचारलं तर ती म्हणाली, "हल्ली भाकरी फाटंना झाली, तवा म्हणलं बसला हात." ती त्यावर खूश होती.

त्या रात्री जेवताना आत्यानं विचारलं, "मंग म्या जे खाल्लं त्ये आवशद नव्हतंच का?"

"औषध नव्हतंच ते आत्या. पण जे होतं, तेही तुझ्या पोटात गेलं नाही."

"आन् आता त्या वाटी घिऊन आल्या तर?"

मी म्हटलं, न्हाय म्हण. ती ताटातली भाकरी मोडत राहिली. मला कळलं की ती म्हणणार नाही, आणि मीही तिच्या जागी म्हणालो नसतो.

सोमवारी मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. चष्मा काढून डोळे चोळत म्हणाल्या, "मग ही पूर्ण गल्ली वगळावी लागेल. राहिलं काय?" फार काही राहत नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला प्रकल्पाची मुदत नव्हती. हुलगा आणि जवस आपलं काम करतात की नाही, हे आम्हाला कळलंच नाही. प्रबंधात मी लिहिलं, "कौटुंबिक पातळीवर पिठाची देवघेव झाल्याने निष्कर्ष काढता आला नाही." पुस्तकांत मी अशी वाक्यं पुष्कळ वाचली होती. त्यांच्या मागं गल्ल्या असतील, असं कधी मनात आलं नव्हतं.

आत्याची शुगर शेवटी इंजेक्शननं खाली आली. धाराशिवच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून सुई चालू केली, ती आई रोज सकाळी टोचायची. उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाले, आता सोलापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन जा. वडिलांना हंगाम संपल्यामुळं सवड होती. त्यांनी ठरवलेला दिवस नेमका माझ्या तोंडी परीक्षेचा निघाला. आत्यानं नवं लुगडं नेसलं, असं आईनं आदल्या रात्रीच फोनवर सांगितलं. नेसून बघितलं आणि घडी करून ठेवलं म्हणे.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध चाळला. पिठाच्या त्या वाक्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "प्रामाणिकपणे लिहिलंय. चांगलं आहे." मग दुसरंच काही विचारलं. मी पास झालो. मॅडमनी पेढा दिला. फोन परीक्षेसाठी बंद ठेवला होता, तो मी व्हरांड्यात येऊन चालू केला. वडिलांचे कितीतरी फोन येऊन गेले होते. मी लावला.

"झाली का परीक्षा?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"झाली. पास झालो."

"लई ब्येस." पलीकडं सोलापूरच्या स्टँडचा गलका होता. "आत्या हितंच हाय. चहा पितीय. डॉक्टरनं मशीनवर बगितलं. म्हणत्यात, मोतीबिंदू काडून काय उपेग न्हाय. साखरेनं आतला पडदाच गेलाय, दोनी डोळ्यांचा. लई दिस झाले म्हणत्यात जाऊन. आता दिसणार न्हाय."