सोळा पानांची अट

तुमच्या गावात कुणाच्याही हुकुमावाचून झालेलं शेवटचं काम कोणतं, सांगता येईल? सहा वर्षांपूर्वी मला आलं नसतं. वडील शिक्षक, घरात धान्याच्या कणगीवरसुद्धा राजकीय सभांची पत्रकं पडलेली असत. मी ती पाठ केली होती आणि आमच्या वडगाव रासाईत कुणीही मला दोन मिनिटांहून जास्त ऐकून घेत नव्हतं.

दौंडला स्टेशनाजवळ एक चाचा पुस्तकं बांधून देत. शाळेची फाटकी पुस्तकं घेऊन मी होडीनं भीमा ओलांडायचो, खुटबावला गाडी पकडून त्यांच्याकडे जायचो. एकदा त्यांच्या रद्दीत सोळा पानांची पुस्तिका दिसली. मुखपृष्ठ गेलेलं, त्याबरोबर लेखकाचं नावही. पहिल्याच पानावर शब्द होता, ‘अराज्यवाद’.

"म्हणजे लुटालूट?" मी विचारलं.

"राज्य नको म्हणतोय तो. माणसं नकोत असं कुठं म्हणतोय?" चाचांनी खळीनं चिकटलेली बोटं पुसली. "घेऊन जा. पण अट हाय. ज्याला वाचता येत न्हाई, अशा एकाला वाचून दाखव. त्याला कळलं तर पुढची देईन."

गाडीतच मी ती दोनदा वाचली. पुढची मला हवीच होती.

शेजारच्या आबांना गाठलं. ‘परस्परसाहाय्य’ हा शब्द तीनदा वाचून दाखवला.

"तलाठी न्हाई, पोलीसपाटील न्हाई," आबा म्हणाले, "मग कुणी बांध कोरला तर म्या जायचं कुठं? आन् ह्ये लिवणाऱ्यानं कवा औत धरलं व्हतं का?"

मी चिडून उठलो. अडाण्याला काय कळणार, असं मनात म्हणालो. त्याची आजही लाज वाटते.

पुढे आबांचा एक बैल लंगडा झाला. नांगरट राहिली. त्यांनी नुसता निरोप फिरवला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांच्या रानात नऊ बैलजोड्या उभ्या राहिल्या. दुपारी काम उरकून सगळे बाभळीखाली जेवायला बसले, तेव्हा मी परस्परसाहाय्याचं तेच पान पुन्हा वाचून दाखवलं.

आबांचा घास हातातच राहिला. "आरं, ही तर इर्जिक. त्येच्यापायी सोळा पानं कशाला नासली?"

सगळे हसले. मीही.

दौंडला जाऊन सांगितलं. चाचा खूश झाले. दुसरी पुस्तिका काढली, पण लगेच दिली नाही. "आन् ज्याच्याकडं बैलच न्हाईत, त्याच्या रानात जाते का ही इर्जिक?"

उत्तर मला ठाऊक होतं. वेशीबाहेरच्या घरांसाठी तसा निरोप कधीच फिरला नव्हता.

"हे आबांना विचार," पुस्तिका हातात देत चाचा म्हणाले. "आधी वाचून दाखव, मग विचार."

विचारलं. पुढच्या नांगरटीला वेशीबाहेरच्या एका घरचा तुकडा आबांच्या बैलांनी नांगरला. एकाच घरचा, हेही सांगितलं पाहिजे. पण त्यांना कुणी हुकूम केला नव्हता.

तेव्हापासून मी पुष्कळ वाचलं. तरी या विचाराची बाराखडी मला या दोघांनी गिरवून घेतली, आणि त्यांचे आभार मी अजून त्यांच्यासमोर मानलेले नाहीत. म्हणून तुमच्याकडे एक मागतो. घरातली सगळ्यांत पातळ पुस्तिका घ्या, या आठवड्यात वाचता न येणाऱ्या एका माणसाजवळ बसा आणि ती वाचून दाखवा. त्यानं मधेच प्रश्न विचारून अडवलं, तर उठून येऊ नका.