अर्ध्या गोळीचं बीपी

धाराशिवकडच्या वाशीच्या बाजारात माझं मेडिकल आहे. औषधाची पट्टी विकली की ती गिऱ्हाइकाबरोबर निघून जाते, बोलणं मात्र काउंटरवरच राहतं. असं बरंच साठलंय. चांगली शहाणी माणसं साध्या साध्या गोष्टीत कुठं चुकतात, एवढंच सांगायचं म्हटलं तरी दुपार जाईल.

*

ईट गावच्या एक मावशी आल्या. हात भाजलेला आणि त्यावर टूथपेस्टचा जाड थर.

म्हटलं, "मावशी, भाजल्यावर पेस्ट लावू नये. हात सरळ नळाखाली धरायचा."

"नळाला पाणी आठव्या दिवशी येतंय, भाऊ."

"मग घागरीतलं ओतायचं."

"त्ये प्यायचं हाय!"

मी मलम दिलं. जाता जाता त्यांनी एक पेस्टही घेतली. घरातली सगळी हाताला लागली होती!

*

आमच्या गल्लीतले एक मास्तर. घरात तापाच्या गोळ्यांची पट्टी होती आणि तिची मुदत महिनाअखेरीला संपत होती. वाया कशाला घालवायची, म्हणून त्यांनी शेवटच्या दिवशी जेवण झाल्यावर घरातल्या सगळ्यांना एकेक गोळी वाटली.

मी विचारलं, "सर, ताप कुणाला होता?"

"कुणालाच न्हाय," मास्तर म्हणाले. "आता येणारबी न्हाय."

*

जुलाबानं बेजार झालेल्या एका गड्याला ओआरएसची पुडी दिली. त्यानं काउंटरवरच ती फोडली, अख्खी तोंडात ओतली आणि वर दोन घोट पाणी प्यायला.

"अरे, ती एक लिटर पाण्यात कालवून घोटघोट प्यायची असते!"

त्यानं पोटावरून हात फिरवला. "आत जाऊन कालवतीच की!"

*

आता रहीमचाचा. आमच्या समोरच्या ओळीत त्यांचं टेलरिंगचं दुकान. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. सुईत दोरा ओवायला रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारावी लागायची. गिऱ्हाईक तुटत चाललं होतं. ऑपरेशन झालं नाही तर मशीन विकावं लागणार, हे त्यांनाही कळत होतं.

पण धाराशिवच्या दवाखान्यातून ते दोनदा परत आले. ऐन ऑपरेशनच्या दिवशी बीपी वाढलेलं!

"चाचा, गोळी घेत नव्हता का?"

"घेत होतो की. मग मोजलं तर नॉर्मल आलं. नॉर्मल माणसानं गोळी कशाला खायची?"

मी समजावलं. नॉर्मल आलं ते गोळीमुळंच, गोळी सोडली की परत वर जातं. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे बीमारी बी हाय अन् नॉर्मल बी हाय?"

"व्हय."

"लई चालू बीमारी हाय ही!"

*

ऑपरेशनची तिसऱ्यांदा तारीख मिळाली, तेव्हा चाचा धाराशिवच्या गाडीला निघाले. जाताना दुकानात डोकावले.

"गोळी रोज घेता ना, चाचा?"

"रोज! एक दिवस चुकलो न्हाय. सकाळी अर्धी."

"अर्धी? डॉक्टरांनी पुरी सांगितलीय ना?"

"पुरीच फोडतो की. अर्धी मला, अर्धी चाचीला. तिलाबी मधूनमधून गरगरतंय."

"चाचीचं बीपी कुणी मोजलंय का?"

"इतकी वर्षं एका घरात ऱ्हातो, एका ताटात जेवतो," चाचा म्हणाले. "मला असंल तर तिला नसंल व्हय?"

तेवढ्यात गाडी आली. चाचा चढले. आता तिसऱ्यांदा परत येणार, हे मी धरूनच चाललो.

*

तीन दिवसांनी चाचा आले ते काळा चष्मा लावून. एक डोळा झाला होता. बरोबर चाची, डोळ्यात घालायच्या थेंबांची चिठ्ठी घेऊन.

"आणि बीपी?" मी विचारलं.

"एकदम बरोबर!" चाचांनी मिशीवर हात फिरवला. "डॉक्टर शाबास बोलले. तू उगाच पुरी पुरी करत होतास, दत्ता. अर्धीत भागलं!"

मग शेजारच्या दुकानावरची पाटी मोठ्यानं वाचत चाचा तिकडं गेले. मी चाचींना थेंब देता देता हळूच विचारलं, "चाची, ती अर्धी गोळी खाऊन तुम्हाला काही त्रास नाही ना झाला?"

चाचींनी आधी चाचा किती लांब गेलेत ते पाहिलं.

"मी कुठं खाते, बाबा? माझी अर्धी रोज त्यांच्या चहात जाते."