विहीणबाईंपुरतं इटालियन

परकी भाषा शिकणारा माणूस त्याच देहात दुसऱ्यांदा जन्म घेतो. हे वाक्य मी एका सत्कार समारंभात ऐकलं होतं आणि ते संपल्यावर सभागृह क्षणभर गंभीर झालं होतं. माझा दुसरा जन्म निवृत्तीनंतर, कर्जत-चौक रस्त्यापासून जरा आत असलेल्या आमच्या घराच्या पडवीत झाला. त्या जन्मात सुरुवातीचे काही दिवस मी नुसतं सफरचंद खात होतो. मग एक मुलगा सफरचंद खाऊ लागला. मग एक मुलगी. दूध पिण्याचा योग बराच उशिरा आला.

हे सगळं बायकोमुळे. आमची मुलगी पुण्याला शिकली, तिथून इटलीला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करून तिथल्या एका लहानशा गावात राहिली. खाली सासू, वर ही दोघं. जावई येऊन गेला होता. विहीणबाईंना मात्र आम्ही फक्त फोनवर, हात हलवताना पाहिलं होतं. त्या थंडीत मुलीबरोबर आमच्याकडे येणार असं ठरलं, तेव्हा भात पोटरीत होतं, लोंब्या अजून बाहेर यायच्या होत्या. तिसऱ्या दिवशी चहा देताना बायको म्हणाली, "मला त्यांची भाषा शिकवा."

"अगं, मुलगी असणारच आहे की. ती सांगेल ना इकडचं तिकडं."

"तीच नको मधी. तिच्याबद्दलच तर इचारायचं हाय."

मग तिनं सांगितलं. फोनवर पोरगी हळू बोलायला लागली आहे. आमची मुलगी कधीच हळू बोललेली नाही. लहानपणी ती ओढ्यावरून हाक मारायची आणि आम्ही घरात दचकायचो. आता विचारलं की म्हणते, मजेत आहे, सगळं छान आहे, आणि तेही असं, की शेजारच्या खोलीत कुणी आजारी असावं. "दबून राहती का काय तिकडं? तिला इचारलं तर सांगल का? त्यांनाच इचारायला पायजे."

मी खोपोलीच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होतो. साधा बोल्ट घ्यायचा तरी आधी नमुने मागवायचे, एकापुढे एक ठेवायचे, तुलनापत्रक करायचं, मगच शिफारस, अशी आमची रीत. त्या रीतीनं मी घरात चहाची गाळणीही घेतलेली आहे. इटालियन तसंच घ्यायचं ठरवलं.

पहिला नमुना ॲपचा. सफरचंदं त्यातलीच. ते रोज संध्याकाळी आठवण करायचं आणि खाडा झाला की रुसायचं. रुसवा कळेल एवढं इटालियन मात्र त्यानं मला शिकवलं नाही. बायकोनं चार दिवस बघितलं. "ह्यातल्या बाया एकमेकींशी बोलतच नाय का? नुसत्या खात बसल्यात."

दुसरा नमुना जाडजूड व्याकरणाचा. प्रस्तावनेत लिहिलं होतं की ही संगीताची, चित्रांची आणि प्रेमाची भाषा आहे. त्यानंतर तीनशे पानं तक्ते होते. बायकोनं एक पान उघडलं, डोळे बारीक केले आणि विचारलं, "कुणाचा पगार हाय हा?"

तिसरं प्रवाशांचं खिशातलं पुस्तक. त्यातला माणूस फार दुर्दैवी. त्याचं सामान हरवतं, दाढ दुखते, खोलीत गरम पाणी येत नाही, पोलीस ठाणं कुठं आहे हे त्याला कुणी सांगत नाही. त्याच्याशी माझी ओळख वाढली तसं मला त्याच्याबद्दल वाईट वाटू लागलं. पण त्याला मुलगी नव्हती, आणि विहीण तर नव्हतीच.

चौथा, ऐकायचा अभ्यासक्रम. एक भारदस्त आवाज वाक्य म्हणायचा आणि आपण म्हणावं म्हणून थांबायचा. त्या थांबण्यात दुपार भरून यायची. समोर माथेरानचा डोंगर धुरकट निळा, खाचरांत पिवळं पडत चाललेलं भात, आणि पडवीतून एक अदृश्य गृहस्थ एका अदृश्य बाईला विचारतोय की आज संध्याकाळी माझ्याबरोबर काही प्यायला याल का. ती नाही म्हणायची. तो पुन्हा विचारायचा. बायको वाल सोलत ऐकत होती. "ह्या मेल्याला दुसरं काम नाय का?" ती म्हणाली, पण पुढचा धडा लावा असंही म्हणाली. त्या बाईनं पुढं काय केलं ते तिला बघायचं होतं.

तुलनापत्रकात चारही नापास झाले. मग एकदा इंटरनेटवर भटकताना मला एक फुकट पुस्तिका सापडली. परदेशातून इटलीत घरकामाला आणि म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीला जाणाऱ्या बायकांसाठी कुणीतरी केलेली. तिच्यात संगीत नव्हतं, चित्रं नव्हती, प्रेमाचं नाव नव्हतं. तिच्यात खिडकीची झडप होती, आमटीसारखं काहीतरी होतं आणि त्यात मीठ कमी होतं. गोळ्या जेवणाआधी की नंतर, गुडघा कुठं दुखतो, पाणी जपून वापर, उशीर का झाला. माणसं एका घरात राहून एकमेकांना जे बोलतात ते सगळं. मी शिळफाट्यावर जाऊन तिच्या छापील प्रती काढल्या, स्पायरल मारून घेतलं. दुकानदार पानं लावताना म्हणाला, "काका, आता ह्या वयात तिकडं कामाला?" मी म्हटलं, बघतोय.

त्यानंतरचे महिने मला नीट क्रमानं आठवत नाहीत, एखाद्या लांबलेल्या वामकुक्षीसारखे आठवतात. कापणी झाली, शेतं मोकळी झाली, खाचरांत वालाची हिरवी वेल पसरली. आम्ही दोघं पडवीत बसून एका न पाहिलेल्या घरात वावरत होतो. त्या घराच्या झडपा आम्ही सकाळी उघडायचो, संध्याकाळी लावायचो. त्या घरात एक म्हातारी बाई होती, तिला आम्ही सिन्योरा म्हणायचो, म्हणजे बाईसाहेब. कधी कधी डुलकी लागताना मला त्या घराचा जिना दिसायचा आणि त्यावरून आमची मुलगी अगदी हलक्या पावलांनी उतरताना दिसायची. मी ते बायकोला सांगितलं नाही. तिला ते दिसतच असावं.

प्रश्न तिनं स्वतः निवडला. पुस्तिकेत नव्यानं कामाला लागलेली बाई मालकिणीला विचारते, सिन्योरा, तुम्ही माझ्या कामावर खूश आहात ना, काही चुकत असेल तर सांगा. बायकोनं फक्त 'माझ्या कामा'च्या जागी 'मुली' घालून मागितलं. मी म्हटलं, "अगं, तुला विचारायचंय आपली मुलगी तिथं सुखात आहे का. हे उलटंच झालं."

"मुलीच्या आईनं असंच इचारायचं असतं. आमची पोर तरास तर देत नाय ना? मग समोरची काय बोलती, कशी बोलती, त्यावरनं कळतं. सरळ कोण इचारतं?"

तिच्या आईनं माझ्या आईला हेच विचारलं होतं. माझी आई काय म्हणाली होती, हे मी विचारलं नाही.

विहीणबाई आल्या. उंच, काटक, पांढऱ्या केसांच्या. आल्या आल्या त्यांनी बायकोच्या दोन्ही गालांना गाल लावले आणि बायको दारातल्या खांबासारखी उभी राहिली. मुलगी दोघींच्या मधे राहून इकडचं तिकडं करत होती. हळू आवाजात. बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

दोन दिवसांनी शेजारच्या दादांनी त्यांच्या वावरात पोपटी लावली. आमच्याकडे थंडीतला हा मोठा सोहळा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, अंडी, पुन्हा पाला. मग मडकं पालथं घालून भोवती पेंढा आणि लाकडं पेटवायची. दिवस कलला होता, धूर वर न जाता शेतावरच आडवा पसरला होता, आणि माणसं त्यात कमरेपासून वर तेवढी दिसत होती. विहीणबाई पेंढ्यावर बसल्या होत्या. दादांनी बायकोला डिवचलं, "काय वयनी, पाव्हणीशी बोलत नाय? एवढं पुस्तक पाठ केलं, आमच्या म्हशीनला पण इटालियन समजाय लागलं."

"तुमच्या म्हशीला समजत आसल, तुमाला कधी समजायचं?" बायको म्हणाली.

मुलगी सासूसाठी शाल आणायला घराकडे गेली. ती बांधावरून पलीकडे उतरल्यावर बायको सरकून विहीणबाईंच्या जवळ बसली, पदर सावरला आणि घडाघड वाक्य म्हणाली. सिन्योरा, तुम्ही मुलीवर खूश आहात ना, काही चुकत असेल तर सांगा.

आमच्याकडची कुठलीही विहीण यावर म्हणाली असती, छे हो, लेकच आहे आमची. विहीणबाईंनी विस्तवाकडे बघत थोडा विचार केला. मग डावा हात पुढे केला आणि उजव्या हातानं बोटं मोजत सांगायला सुरुवात केली.

खूप वेळ सांगत होत्या. बायकोला काही कळेना, तिचा चेहरा उतरत गेला. मी मडक्याच्या पलीकडून कान देऊन ऐकत होतो. पुस्तिकेनं दगा दिला नाही. थंडीत झडपा उघड्या टाकते. अंघोळीला पाणी फार. मीठ कमी म्हणते आणि मिरची घालते. माझी भांडी तिनं तिच्या मनानं वेगळ्या फळीवर लावली. करंगळीला आल्यावर त्यांनी आपला हात तोंडापाशी नेऊन मोठा उघडला आणि तिथं जिना असावा तसं आमच्या आंब्याच्या झाडाकडे बोट दाखवलं. वरून ओरडते. रोज. मी खालून ओरडते.

बांधावर मुलगी दिसली आणि विहीणबाई वाक्य अर्धं सोडून शेंगांकडे बघू लागल्या.

"काय बोलत होतात गं?" मुलीनं विचारलं.

"काय नाय. शेंगा शिजल्या का इचारत होत्या," बायको म्हणाली.

दादांनी मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चर्र झालं, म्हणजे शिजल्या होत्या. गडबडीत बायकोनं मला बाजूला गाठलं. "काय म्हणाली? लय राग हाय का?"

मी बोटांवर सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "आणि सासूवर ओरडते."

"सासूवर?"

"रोज. वरच्या मजल्यावरून."

तिनं डोळे पुसले. धूर होताच. "मंजे आपल्याच घरात हाय ती," ती म्हणाली. "फोनवर हळू बोलती ती आपल्याला जपून." आणि पहिली वाफाळती शेंग सोलून तिनं विहीणबाईंच्या हातावर ठेवली, दुसरी ठेवली, तिसरी ठेवली, त्या नको म्हणेपर्यंत आणि म्हटल्यानंतरही.

विहीणबाई परत गेल्या त्याला आता काही आठवडे झाले. त्यांनाही आमच्या घराशी थेट बोलायचं आहे, सुनेला मधे न घेता, असं मुलगीच फोनवर जरा तणतणत म्हणाली. तिचा आवाज घरभर ऐकू आला. विहीणबाईंनी नेटानं अभ्यास सुरू केला आहे. इटालियन माणसाला मराठी शिकवणारं काही त्यांना मिळालं नाही, म्हणून त्या हिंदी शिकताहेत. माझ्या बायकोला हिंदी येत नाही.